रुपयात की युरोत

भाचीचं जर्मनीला शिकायला जायचं ठरलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दादाने, शेताचं काम स्वतःकडे ठेवलं आणि कागदाचं सगळं माझ्याकडे दिलं. आमच्या घरातली ही वाटणी जुनी आहे. तो हिवरखेडला, मी अमरावतीला. पीक त्याचं, फाइल माझी. मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही, यावरून तो मला चारचौघांत चिडवतो आणि पीकविम्याचा अर्ज भरायची वेळ आली की पहिला फोन मलाच करतो.

यादीत पासपोर्ट होता, व्हिसा होता, गरम कपडे होते, मेतकूट होतं. पण माझा जास्त वेळ खाल्ला तो पैशांनी. बँकेचं साधं कार्ड परदेशात चालतं, पण दर वेळी बँक रुपयांचे युरो करते आणि ते करून देण्याचे पैसे कापते. दुधाची पिशवी घेतली तरी कापते. त्यापेक्षा आधीच युरो भरून ठेवायचं प्रीपेड कार्ड मिळतं. भाव बरा असेल त्या दिवशी आपण इथून युरो भरायचे. तिकडे युरोचा खर्च त्या युरोतूनच होतो. हे दादाला समजावायला मला फार शब्द लागले नाहीत.

"म्हणजे अडत वाचते," तो म्हणाला.

बाजार समितीत माल नेऊन दर खेपेला दलाली मोजणाऱ्या माणसाला याहून वेगळं काय सांगायचं? भाचीला मात्र मी एक नियम पाठ करायला लावला. पैसे देताना मशीन विचारतं, रुपयात की युरोत? रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, हिशोब कळतो. पण रुपये म्हटलं की तिकडचा दुकानदार त्याच्या भावाने युरोचे रुपये करतो आणि आपलं कार्ड ते रुपये परत युरोतून वळतं करतं. एकाच मालावर दोनदा अडत. म्हणून डोळे मिटून युरो म्हणायचं.

आणखी एक बचत मी केली. तिचं इथलं सिम तिच्यासोबत दिलं असतं तर रोमिंगचे पैसे लागले असते. ते मी दादाच्या फोनच्या दुसऱ्या कप्प्यात घातलं. कार्डाचा ओटीपी त्या नंबरवर येईल, दादा वाचून दाखवेल. बाहेर शिकणारी पुष्कळ मुलं असंच करतात.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात एकाला त्याच्या मुलाच्या हुबेहूब नकली आवाजात फोन आला आणि त्याचं खातं रिकामं झालं. भाची निघायच्या तोंडावर मी हिवरखेडला गेले तेव्हा दादाला समोर बसवलं आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. घाई, रडणं आणि ओटीपी एकत्र आले की फोन कापायचा.

"आवाज वळखीचा असला तरी?" त्याने विचारलं.

"तरी."

"तुहा असला तरी?"

"माझा असला तरी."

सिमचं काम आणि हा कागद मी एकाच दुपारी उरकले होते. दोन्ही कामांपुढे खूण केली आणि अमरावतीची बस धरली.

ऑक्टोबरात भाची तिकडे पोचली. खोल्यांची फार टंचाई होती. ती एका ओळखीच्या मुलीच्या खोलीत जमिनीवर झोपत होती, आणि ती जागाही तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायची होती, कारण त्या मुलीची खरी सोबतीण परत येणार होती. शेवटी एक खोली मिळाली. घरमालकाच्या कचेरीने आदल्या संध्याकाळीच लिंक पाठवली. अनामत त्या दिवशी तिथल्या दुपारी बारापर्यंत भरायची, भाडेकरूच्याच नावाच्या कार्डावरून भरायची. नाही भरली तर खोली रांगेतल्या पुढच्या माणसाला. तिकडचे बारा म्हणजे आपले साडेतीन.

कार्डात तेवढे युरो नव्हते. कार्ड आम्ही अकोल्यात काढलेलं, म्हणून मी सकाळच्या बसने अकोल्याला गेले. दुकान लहान होतं. तिथे बहुतेक गिऱ्हाईक मक्केला उमऱ्यासाठी जाणारं, रियाल घ्यायला आलेलं. म्हातारे दुकानदार मला ओळखत होते. दादाच्या सहीचे कागद मी आधीच आणलेले. काही तास गेले, पण युरो चढले. मी भाचीला निरोप टाकला, "भरले, आता तू भर," आणि त्यांनी मागवलेला चहा घेत बसले. घड्याळात तीनला अजून थोडा वेळ होता. मला वाटलं, काम झालं.

तेवढ्यात दादाचा फोन आला. मागे सोयाबीनच्या मळणीयंत्राचा आवाज इतका होता की तो ओरडून बोलत होता.

"बाई, आज आला होता बरं तो फोन."

"कोणता?"

"तू सांगतला होता तो. आपल्या पोट्टीचाच आवाज. रडून राहिली, म्हणे बाबा, ओटीपी आला असन, लवकर सांगा. म्या कापला. परत आला, परत कापला." तो हसत होता. परीक्षेत पहिला आल्यासारखा.

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. "दादा, ती खरीच होती. आपलीच पोरगी. आलेला ओटीपी वाच, मले सांग."

दादा बोलला तो व्यापाऱ्याने भाव पाडल्यावर बोलतो त्या आवाजात.

"आता तू बी?"

आणि फोन कापला.

मी परत लावला. त्याने कापला. परत लावला. नुसती रिंग गेली. इकडे भाचीचे निरोप एकाखाली एक येत होते. आत्या, बाबा फोन उचलत नाहीत. आत्या, दोनदा ओटीपीची वेळ संपली. आत्या, तिसऱ्यांदा चुकलं तर काय होतं?

तो प्रश्न मी जसाच्या तसा दुकानदारांना विचारला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तीसरी बार गया तो कार्ड लॉक. फिर कल से पहले नहीं खुलता."

नंबर बदलून माझा घाला, मी म्हणाले. त्यासाठी भाचीच्या सहीचा अर्ज लागतो, ते म्हणाले. माझ्या कार्डावरून भरू का? घरमालकाला तिच्याच नावाचं कार्ड हवं होतं. माझं एकेक विचारून झालं आणि प्रत्येकावर नाही आलं. सवयीने मी पर्समधून पेन काढलं होतं. ते हातात घेऊन नुसती बसून होते. लिहायला काही नव्हतं.

भाचीला लिहिलं, थांब, काहीही दाबू नकोस. तिचं लगेच उत्तर आलं, "किती वेळ?"

मग वहिनीला लावला. तिने उचलला आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "ताई, ह्याईनं आत्ताच सांगतलं, तुमचा बी फोन हॅक झाला म्हणून. तुमचाच कागद हाय कपाटात, मी काय करू?"

मी भराभर सांगायला लागले. खोली, बारा वाजता, साडेतीन, तिसरी बारी, उद्या सकाळी ती कुठे जाईल. मधलं आधी आणि आधीचं नंतर सांगितलं. युरो म्हणायचं तिथे रियाल म्हणाले. वहिनीने मला मध्येच थांबवलं.

"बस झालं. तुमीच हाव. नकली असती त यादीवानी बोलली असती."

तिने स्कुटी काढली. शेत गावाबाहेर, नाल्यापलीकडे आहे, आणि पाऊस झाल्यावर तो रस्ता कसा असतो ते मला माहीत आहे. मी दुकानाच्या दारात उभी राहिले. समोर ऑटोवाले नेहमीसारखे गिऱ्हाईकं ओढत होते. आत कोणीतरी रियालच्या नोटा मोजून घेत होतं. दुकानदार मला दोनदा बसा म्हणाले. मी बसले नाही. शेतात धड रेंज दोनच ठिकाणी मिळते, विहिरीच्या कठड्यापाशी आणि बांधावरच्या बाभळीखाली. हे वहिनीच्या लक्षात असेल का, एवढाच एक विचार परत परत येत होता.

तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा घड्याळाचा मोठा काटा खाली उतरायला लागला होता. पडद्यावर दादाचं तोंड होतं, भुवयांवर सोयाबीनचा भुसा. आवाज येत नव्हता. आधी मला वाटलं कॉल अडकला. मग कळलं की मळणीयंत्र बंद आहे. तासावर भाड्याने आणलेलं यंत्र दादाने मध्येच बंद केलं, असं मी आजवर पाहिलं नव्हतं.

मी भाचीला त्याच कॉलवर घेतलं. ती कुठल्याशा जिन्यात उभी होती, कोट घातलेला, नाक लाल. दादा तिच्याकडे बघत राहिला. आता हा काय विचारतो, कुठल्या आजीचं नाव, कुठल्या बैलाचा रंग, असं मला झालं.

"जेवली का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"आपलीच हाय," दादा वहिनीला म्हणाला. "सांग पोट्टे, काय करू?"

त्याचा फोन त्याच्या हातात, कॉल वहिनीच्या फोनवर. भाचीने लॅपटॉपवर तिसऱ्यांदा लिंक उघडली. नाव घातलं, कार्डाचा नंबर घातला. मग ती थांबली.

"आत्या, हे रुपयात दाखवतंय. कार्ड भारतातलं दिसलं की आपोआप येतं, आधी दोनदा मी बदललं होतं, आता घाईत राहिलं. युरो करायचं तर मागे जाऊन सगळं परत भरावं लागेल."

"किती वेळ उरला?"

"थोडासाच."

"कर नं रुपयात," दादा म्हणाला. "आपले रुपये समजतात तरी."

दुकानदारांनी मान हलवली. रुपये में मत करो, ते हळू आवाजात म्हणाले, माझं त्यांच्याकडे लक्ष नाही असं वाटून परत म्हणाले. दोनदा अडत. हाच एक नियम मी त्या पोरीला भाजी चिरताना, बॅग भरताना, स्टेशनवर गाडी हलताना सांगितला होता. ती आता तोच पाळायला बघत होती. पडद्यावर दादाचं तोंड अर्धं गोठलं, परत हललं.

"आत्या? मागे जाऊ?"

"नको. कर."

"रुपयात?"

"रुपयात. दाब."

तिने दाबलं. दादाच्या फोनवर टिंग वाजलं. त्याने फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचायला लागला.

"एकोणसत्तर..."

"बाबा, एकेक आकडा सांगा!"

"तेच त सांगून राहिलो. एकोणसत्तर, मंग..."

वहिनीने त्याच्या हातातून फोन ओढला. चित्र आकाशाकडे गेलं, नुसती बाभळीची फांदी दिसायला लागली. तिचा आवाज येत होता, शाळेतल्या पाढ्यासारखा, सहा, नऊ, आणि पुढचे एकेक. भाची टाइप करत होती. फांदी पडद्यावर हलायची थांबली. रेंज गेली होती. भाची अजून दिसत होती, पण ती खाली बघत होती आणि तिच्या तोंडावरून मला काही कळत नव्हतं.

"झालं," ती म्हणाली. "आत्या, पावती आली." आणि जिन्यातच खाली बसली.

दुकानदारांनी माझा थंड झालेला चहा उचलला आणि दुसरा सांगितला. मी तेव्हा कुठे खुर्चीत बसले.

संध्याकाळी अकोला बसस्थानकावर अमरावतीच्या गाडीची वाट बघत होते. भाचीचा निरोप आलेला होता, किल्ली उद्या सकाळी मिळणार, बॅगा घेऊन सरळ तिकडेच जाणार. त्यापाठोपाठ दादाचा फोन आला. या वेळी मागे यंत्र नव्हतं.

"बाई, त्या दुसऱ्या सिमवर मेसेज आला. कार्डातून खोलीपेक्षा जास्त कटले. काहून?"

त्याने आकडा वाचून दाखवला. मला कागद लागला नाही. आजवर त्या कार्डाने जेवढं वाचवलं होतं, ते सगळं त्या एका फटक्यात गेलं होतं, वर थोडं आणखी.

"असतो तिकडचा काही खर्च," मी म्हणाले.

"असू दे. म्या म्हटलं नसतं रुपयात कर, त अजून लटकून राहिली असती पोट्टी. तुमी दोघी त युरो युरोच करत बसल्या असत्या."

"हो."

तो खूश झाला. उद्या मळणीवरच्या माणसांना तो हे सांगणार, आणि दिवाळीत मला सगळ्यांसमोर ऐकायला मिळणार, हे मला तेव्हाच कळलं. मग त्याचा आवाज जरा उतरला.

"मले एक सांग. कपाटातला तो कागद काढू का?"

"नको. राहू दे."

"अन् परत तुहाच फोन आला त? रडत?"

समोर अमरावतीची गाडी लागत होती. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते.

"कापजो," मी म्हणाले. "अन् मंग वहिनीले दे."