काठावरचा बाप

कन्हानच्या पुरात उडी टाकून पलीकडच्या काठाला हात लावून येणारा गडी म्हणून नत्थूजीचं नाव मौद्यात अजून निघतं. पण पूर पोहणं वेगळं आणि टँकमधली शर्यत वेगळी, हे त्याला कोण सांगणार? माणूस मनाचा चांगला, पण हट्टी असा की एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचा नाही.

शहरात गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात थान उलगडून दाखवायचं आणि गिऱ्हाईक गेलं की परत घडी घालायची, हे त्याचं काम. जीव सगळा एकुलत्या एका लेकीत, शामलात. तिला त्यानंच नदीत पोहायला शिकवलं. पुढे शहरातल्या स्विमिंग टँकवर वामनराव देवतळे सरांनी तिला पाहिलं आणि स्वतःहून शिकवायला मागितली. पोरगी एक दिवस राज्याच्या स्पर्धेत उतरेल, असं ते म्हणाले. ही सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. दुकानातल्या साध्या नोकराच्या पोरीला असं कोण म्हणत होतं हो त्या काळी? नत्थूजी त्या दिवशी वाटेतल्या प्रत्येकाला थांबवून सांगत घरी आला.

पण सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पोहायचं पोरीनं, शिकवायचं सरांनी आणि बापानं तिला वेळेवर जेवू घालून वेळेवर झोपवायचं. तिघांनी आपापलं काम केलं तरच जमेल. इथेच नत्थूजीचं बिनसलं. बाप काय फक्त भाकरी घालायला? तो टँकच्या काठावर उभा राहून ओरडायचा, हात लांब टाक म्हणून. सर दुसऱ्या काठावरून नेमकं उलटं सांगायचे. मधल्यामध्ये पोरीच्या नाकातोंडात पाणी. शेवटी सरांनी त्याला फाटकाबाहेर काढलं. मग तो घरी तिला बाकावर पालथी झोपवून सरांचं शिकवणं दुरुस्त करू लागला. त्याची बायको पंचफुला म्हणायची, एका म्यानात दोन तलवारी राहत नसतात, पोरीची वाट लावाल. तो ऐकलं न ऐकलं करायचा.

सरही काही मऊ नव्हते. सांगितलेलं मोडलं की पोरगं बंद, मग ते कोणाचं का असेना. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलाला त्यांनी असंच घरी पाठवलं होतं आणि त्याचा बाप गाडी घेऊन आला तरी परत घेतलं नव्हतं.

निवडीची शर्यत दिवाळीनंतर होती. पहिल्या तिघी राज्याला जाणार होत्या. सकाळी चांगलंच गारठलं होतं. नत्थूजीनं जवसाचं तेल कोमट केलं आणि लेकीला समोर बसवलं. कन्हानच्या काठची रीतच तशी, थंडीत पाण्यात शिरायचं तर आधी अंगभर तेल चोळायचं. शामला हळूच म्हणाली, "बाबा, सरांनी तेल नको लावू म्हणून सांगतलं."

"तुया सराच्या बापानं तरी पाहिली का कन्हान?" तो म्हणाला. हात-पाय चोळून झाले, मग तळवेही चोळले, कारण थंडी म्हणे तळव्यातूनच चढते. बापापुढे बोलायची सवयच नव्हती पोरीला.

टँकवर तिनं टॉवेलनं पाय पुसपुस पुसले. पण तेल ते, जातं थोडंच! बार झाला, बाकीच्या सुसाट सुटल्या आणि उडीच्या कट्ट्यावरून शामलाचा पाय सटकला. ती पाण्यात कुशीवर पडली, आडवीच, फाटकन. तरी सावरून असं पाणी कापलं पोरीनं की बघणारे उभे राहिले. शेवटी चौथी आली, वीतभर मागे.

सर धावत आले. तिचा दंड धरला आणि हात बुळबुळीत लागला तसे थबकले.

"तेल कोणी लावलं?"

शर्यतीला सगळ्यांनाच आत सोडलं होतं, त्यामुळे नत्थूजी तिथेच होता, हातात तिचे कोरडे कपडे घेऊन. शामलानं एकदा बापाकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "मीच लावलं सर."

सर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. आणि निघून गेले.

सरांच्या रागाचा भर उतरला की उद्या सांगू, असं नत्थूजीनं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेलाही. आत सर कोणा दुसऱ्या पोरीला शिकवत होते. तो तसाच दुकानात गेला. मग परवा, मग पुढच्या आठवड्यात. असं करता करता ते राहूनच गेलं. शामला पुन्हा पाण्यात उतरली नाही. बापाला एका शब्दानं बोलली नाही आणि तेच त्याला खात राहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे तिचं लग्न झालं, खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत ती नांदायला गेली. एकदा नत्थूजी तिच्याकडे गेला होता. आता तो थकला होता, पंचफुलाही राहिली नव्हती. शामला पोळ्या लाटत होती. त्यानं इतक्या वर्षांचा धीर एकवटला.

"बाई, त्या दिवशी मी बोलाले पाहिजे होतं वं. सरानं मले हाकललं असतं, तुले ठेवलं असतं."

शामलाचं लाटणं थांबलं नाही.

"मले वाटलंच होतं, तुम्ही बोलाल," ती म्हणाली. "म्हणून तर मी मायं नाव घेतलं. म्हटलं, माये बाबा काही मले असं जाऊ देनार नाहीत. फाटकापर्यंत हळूहळू चालत गेली मी. वाट पाहून राहिली होती तुमची."

मग तिनं त्याच्या ताटात गरम पोळी वाढली आणि भाजी अजून घालू का म्हणून विचारलं.