सुमनबाईंना कोण सांगणार?

“मॅडम, आईला काही बोलू नका. खचून जाईल ती,” दिलीपने मला केबिनच्या दारातच गाठलं. तो सातपूरला कंपनीत फिटर आहे. त्याची आई सुमनबाई माझी जुनी पेशंट, मखमलाबादला त्यांची फुलशेती. त्या आत बसल्या होत्या आणि त्यांचा इको रिपोर्ट माझ्या हातात होता. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदय रक्त किती जोराने पुढे ढकलतं ते त्यात दिसतं. आम्ही त्याला पंपिंग म्हणतो. बाईंचं पंपिंग फारच उतरलं होतं. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. औषधांवर दिवस काढायचे, तेही थोडेच.

आपल्याकडे तपासणी पेशंटची होते आणि निकाल कळतो घरच्यांना. मला ते कधीच पटलं नाही. या वेळी माझ्या मताला वकील मिळाली. दिलीपची बहीण वैशाली, लग्न करून टोरांटोला गेलेली, दोन आठवड्यांसाठी आली होती आणि भावाच्या मागेच उभी होती.

“लपवायचं कशाला?” ती म्हणाली. “शरीर तिचं आहे. आमच्याकडे डॉक्टर आधी पेशंटलाच सांगतात.”

“आमच्याकडे म्हणजे कुठं?” दिलीप उखडला. “तू मखमलाबादचीच ना?”

मी दोघांना घेऊन आत गेले आणि बाईंनाच विचारलं, सगळं ऐकायचंय का. “सांगा की,” त्या म्हणाल्या. मी सोपं करून, पण खरं ते सांगितलं.

बाईंनी पदर सारखा केला. मग लेकीकडे वळल्या.

“वैशे, मॅडमनी खरं सांगितलं. आता तू सांग. कायमची परत येणार हाय का नाय तू? लय वर्सं वाट बघते मी. येणार नसशील तर तसं बोल. मी आस सोडते.”

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मग आईचा हात धरला. “येणार ना. पुढच्या वर्षी. ठरलंय आमचं.”

बाईंचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “दिलीप, वरची खोली रिकामी कर रे,” त्या म्हणाल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये वैशाली भिंतीला टेकून रडली. “आम्ही तिकडे घर घेतलंय, मॅडम. मुलं तिकडचीच झालीत. तिथे असले की रोज आई आठवते, जीव तुटतो. इथे आले की चार दिवसांत घरी जावंसं वाटतं. टोरांटोलाच घर म्हणते मी आता.” दिलीपने तिला पाणी आणून दिलं.

वैशाली टोरांटोला परत गेली. नंतर सुमनबाई फॉलोअपला आल्या. एरवी मिठाचं पथ्य सांगून माझं तोंड दुखायचं. आता पापड-लोणचं बंद, गोळ्या वेळेवर. खोलीला रंग देऊन झाला होता.

“मॅडम, पुढल्या सालापर्यंत टिकंन ना मी?”

“टिकाल की,” मी म्हणाले.

पेशंटला खरं सांगावं, असं मी आजही ज्युनिअर डॉक्टरांना शिकवते. फक्त आवाज पूर्वीइतका चढत नाही.