ताराचं गाळलेलं पाणी

आम्ही जुनी शाळासोबती जमलो की गुडघेदुखी आणि नातवंडं दहा मिनिटांत आटोपतात. मग कुणीतरी म्हणतं, "ते प्रदर्शन आठवतंय काय गं?" झालं! दर वेळी एक नवा किस्सा निघतो आणि जुने वीतभर लांबतात. मी मात्र लांबवत नाही. मला खोटं खपत नाही, हे अख्ख्या निपाणीला ठाऊक आहे.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. आम्ही मराठी सातवीत. देसाई मास्तरांनी सांगितलं, दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येतील त्या दिवशी विज्ञान प्रदर्शन भरवायचं. प्रत्येक टोळीनं एक प्रयोग करायचा आणि त्यावर स्वतःचा शोधनिबंध लिहायचा. आमच्या टोळीत मी, बापू आणि तारा. तारा जैनांची, वडिलांची तंबाखूची वखार. तीच म्हणाली, "आमच्यात पाणी गाळून पितात. न गाळलेल्या पाण्यात खरंच जीव असतात काय, बघूया की!"

*

त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. मास्तरांनी बेळगावच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून तो आठ दिवसांच्या बोलीवर मिळवला आणि शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मोटारीत बसले. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. तवंदीच्या घाटात ती दमली. सगळ्यांना ढकलायला खाली उतरवलं. मास्तर उतरेनात!

कंडक्टर शालीकडं बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. लेकरू झोपलंय त्यांचं."

आम्हाला रोज खरं बोलायचे धडे देणारे मास्तर घाट संपेपर्यंत चिडीचूप!

*

ताराच्या आप्पांची परवानगी काढायला आम्ही तिघंही गेलो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या काचंत दाबल्यावर जिवाचं काय हुतंय?"

बापूनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं.

"दाबायचं न्हाई, आप्पा," तारा म्हणाली. "थेंब उघडाच ठेवायचा. बघून झालं की आपल्याच हिरीत परत सोडायचा."

"बरं. पण ऐक. दिपोटीसायबानं चांगलं म्हटलं तर बेळगावला इंग्रजी शाळेत घालतो. न्हाईतर सातवी झाली की शाळा बास. पाव्हणे इचारायला लागल्यात."

तारा तेव्हा चौदाची होती. मला आप्पांचा असा राग आला होता म्हणता! पण भीती त्याहून जास्त वाटत होती.

*

थेंब परत सोडायचं काम बापूचं. पाणी ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत जायला हवं, आणि ताराची विहीर शाळेपासून पाऊण मैल. बापू रोज दोनदा वाटी घेऊन पळायचा. तिसऱ्या दिवशी धापा टाकत म्हणाला, "माझा बा मला शेतावर धाडताना येवढी काळजी करत न्हाई!"

*

निबंधाला मास्तरांनी मोजून चार ताव दिले. कागद मिळत नव्हता. बापूचं अक्षर चांगलं म्हणून पहिले दोन त्यानं लिहिले. सुरुवातच अशी: "पाण्यात पाहताच अंगावर काटा आला."

"शोधनिबंधात तुझं अंग आणू नकोस," मास्तर म्हणाले. "दिसलं तेवढंच लिही."

बापूनं दिसलं ते लिहिलं. काळा, वाकडा, लांब जीव. प्रत्येक थेंबात सापडतो, गाळलेल्यासुद्धा! दोन्ही ताव त्याच जीवावर खर्ची पडले. मास्तरांनी स्वतः भिंगातून पाहिलं, मग बापूकडं पाहिलं.

"गाढवा, ही तुझी पापणी आहे!"

उरलेल्या दोन तावांवर तारानं मुंगीएवढ्या अक्षरात सगळा निबंध बसवला. बोटं दुखेपर्यंत लिहीत होती बिचारी.

*

प्रदर्शनाच्या दिवशी ताराच्या घरून दोन तांबे आणले, एक गाळलेल्या पाण्याचा, एक न गाळलेल्याचा. टेबलावर मांडून तारानं थेंब तपासले. पहिल्यात काही नाही, बरोबर. दुसऱ्यात काही नाही. पुन्हा पाहिलं. काही नाही!

बघायला आलेली तिची काकू कौतुकानं पुढं आली. "अगं, तू इसरली हुतीस. एका तांब्यातलं पाणी तसंच ठेवलंतं, पाप लागंल की! मी गाळलं. फडक्यातलं जीव बी हिरीत सोडून आले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायला वेळ कुठं होता? ताराची विहीर पाऊण मैलावर आणि दिपोटी शेजारच्या टेबलावर! तिथल्या पोरांना "निरुपयोगी" असा शेरा देऊन ते पाणी पीत पीत आमच्याकडं वळले. हातात पाण्याचा ग्लास होता. शिपायानं शाळेच्या पायरीच्या विहिरीतून नुकताच भरून दिलेला. दाराशी आप्पा उभे.

साहेबांनी भिंगातून पाहिलं. "इथं तर काहीच नाही."

"ते गाळलेलं पाणी, साहेब," तारा म्हणाली. "आता न गाळलेलं दाखवते. तो ग्लास द्याल?"

"तारा!" मास्तर ओरडले.

तोवर तिनं ग्लास घेतलाही होता. उजेडाला धरला. तळाशी एक पांढरा ठिपका उड्या मारत होता. तो तिनं काचेच्या नळीत ओढला, थेंब काचेवर सोडला आणि बाजूला झाली.

साहेब वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग सरळ झाले आणि रुमालानं तोंड पुसलं.

"आणि मी हे..."

"अर्धा ग्लास, साहेब," तारा म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटले. साहेबांनी निबंध उचलला, दोन्ही ताव उभ्या उभ्या वाचले, खाली "उत्तम" लिहून सही केली आणि तडक शिपायाला शोधायला निघाले.

आप्पा पुढं आले. कुणाशी न बोलता त्यांनी भिंगाला डोळा लावला. ताराचा गार हात माझ्या हातात होता.

आप्पा ताठ झाले. ताराकडं न बघताच म्हणाले,

"मास्तर, बेळगावच्या बोर्डिंगात पाणी कोण गाळतंय?"