मनगटीची गाठ

शाळेत पाढे चालू असताना गावाकडचा माणूस दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "मास्तर, तुमची वयनी गेली. काल दुपारी," एवढेच म्हणाला. मी मुलांना पाढे चालू ठेवायला सांगितले, नेरळहून गाडीने कर्जत गाठले आणि तिथून पायी आमच्या कोंडाणे गावाची वाट धरली. पोचलो तेव्हा सारे आटोपले होते. पण वाटेत माझ्या मनात पहिले आले ते दुःख नव्हते. 'आता कोणाला सांगायला नको,' असे मनात आले होते... दीड महिना झाला, ते मन मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून लिहितो आहे.

वयनी खालापूरकडची. दादाशी लग्न होऊन आली तेव्हा मी आठ वर्षांचा, आई नसलेला. तिच्या माहेरच्या बायका मण्यांच्या माळा ओवत. ती विद्या तिने बरोबर आणली. चांदी ज्यांना परवडत नाही अशा आसपासच्या बायका आमच्या ओटीवर येत, ओंजळ-दोन ओंजळ भात देत आणि गळ्यात काहीतरी घालून हसत परत जात. काचेचे मणी ती कासारणीकडून घेई. बाकीचे रान देई. रिठ्याच्या बिया, लालभडक गुंजा. गुंजेला तापल्या सुईने भोक पाडायचे, दोरा मेणातून ओढायचा, टोकाला पीळ देऊन त्याचीच सुई करायची. हे सगळे मी तिच्या शेजारी बसून शिकलो. एक गोष्ट मात्र मला कधी साधली नाही. वयनीच्या माळेला गाठ दिसतच नसे. ती बारीक गाठ मारून शेवटच्या मण्याच्या भोकात अशी दडवी की बोटालाही लागू नये. मी आपला एकावर एक दोन गाठी मारून मोकळा होई. ती हसून म्हणे, "भावजी, माळ हाय का बैलाचं दावं?"

आणि तिचा एक नियम होता. तान्ह्या पोराच्या मनगटीत गुंज घालायची नाही. "पोर हात तोंडात घालतंय. आख्खी गुंज गिळली तर तशीच पडते, पन भोक पाडलं का तिचं इख भायेर येतं. ढोरं मारतात ती हिनंच." हे मला पाढ्यांसारखे पाठ होते.

मी एकवीस वर्षांचा होतो. नेरळच्या शाळेत नेमणूक झाल्याचा कागद त्याच आठवड्यात आला होता. वयनी माहेरी गेली होती. शेजारची गोदी आली. तिची मुलगी सात महिन्यांची, नुकते दात येत होते. "उद्या पोरीला आजोळी न्यायची हाय. हात रिकामा कसा ठेवू? वयनी कधी येनार?"

"वयनीच कशाला? मी करून देतो."

"तुमी?" गोदी पदर तोंडाला लावून हसली. "सुई बोटात घुसंल नि रडत बसाल, मास्तर! ऱ्हाऊ द्या."

मला ते झोंबले. गोदी गेल्यावर मनगटी ओवायला बसलो. काळे-पांढरे मणी पाच कमी पडले. डब्यात भोके पाडलेल्या गुंजा होत्या. मला काहीच आठवले नाही, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खोटे आहे. आठवले होते. वाटले, एका दिवसाचा तर प्रश्न, वयनी आली की बदलून देईल.

सकाळी गोदीने मनगटी हातात घेतली. "गुंजा हायत यात?"

मी म्हणालो, "वयनीनंच करून ठेवलेली सापडली. तिनं घातल्यात म्हणजे बघूनच घातल्या असतील."

गोदीचा चेहरा निवळला. तिने ती तिथेच पोरीच्या हातात बांधली.

पोर चौथ्या दिवशी गेली. रक्ताचे जुलाब झाले. मनगटीतली एक गुंज दातांनी फुटून गेली होती. वयनी माहेराहून आली तीच ओटीवर जमलेल्या माणसांत. पाटलांनी मनगटी तिच्यापुढे धरली. "ही तुजी का?" तिने ती घेतली, "उजेडात बघते" म्हणून मागच्या दारी गेली. मी आत दाराआड उभा होतो; माझ्या शेजारून गेली, पण माझ्याकडे तिने पाहिले नाही. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाली, "माजीच हाय." गोदीने मण्यांवरून बोट फिरवले आणि हंबरडा फोडला. पाटलांनी मनगटी उंबऱ्यावर टाकून दिली.

मी पुढे झालो नाही. महिनाअखेर नेरळला हजर झालो.

त्यानंतर वयनीने मणी हातात धरला नाही. पाणवठ्यावर बाया पोरांना तिच्यापासून ओढून घेत. दादा वर्षभर तिच्याशी बोलला नाही. मी सणाला जाई. मनाची समजूत घातली होती की तिला खरेच वाटत असेल, ओवताना आपल्याच हातून चूक झाली... असल्या समजुतीवर मी पंचवीस वर्षे जेवलो, झोपलो. एकदाच धीर करून म्हटले, "वयनी, ती मनगटी..." तिने ताटात भात वाढला. "भावजी, आमटी निवते. जेवा." मी जेवलो.

बाराव्यानंतर दादाने एक लाकडी डबी दिली. "तुला द्यायला सांगितली व्हती तिनं." आत तीच मनगटी. काळे-पांढरे मणी आणि चार गुंजा. मी माझी दुहेरी गाठ शोधली. ती नव्हती. शेवटच्या मण्याच्या भोकात, नखानेच जाणवेल अशी, तिची गाठ होती. मागच्या दारी जाऊन तिने काय पाहिले ते तेव्हा कळले. एक गुंज गेल्यामुळे दोऱ्याला ढील मिळाली होती, तेवढ्यात तिने माझी गाठ सोडून आपली बांधली.

मी डबी घेऊन गोदीकडे गेलो. तिचे केस पिकले आहेत. सगळे सांगितले, काही राखले नाही. तिने मनगटी हातात घेतली, पंचवीस वर्षांपूर्वी फिरवले होते तसेच बोट फिरवले आणि ती माझ्या पायाशी ठेवली.

"मेलेल्या बाईला चांगलं म्हनवायला आलात व्हय, मास्तर? ही गाठ तिचीच हाय. अशी दुसऱ्या कोनाला येत नाय."

मी पुन्हा सांगू लागलो. ती उठून आत गेली.

मनगटी आता माझ्या मेजावर असते. दोरा उजेडात धरला की मण्यापासून जरा अलीकडे मुरडलेला दिसतो. माझ्या दोन गाठी तिथे होत्या. ती मुरड मी शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांना दाखवली. ते म्हणाले, दोरा तर सरळच आहे.