गाडीला नजर लागू नये म्हणून

मंडळी, मी सांगतीय आन् नात लिहितीय. आमच्या मालकांची, म्हंजे नातीच्या आजोबांची, जुनी मोटार आठ दिवस येडी झाली होती. जागेवर चालू ठेवली की पाय न लावता इंजिनाचा आवाज घूं-घूं करत चढायचा. मालकांनी स्क्रू फिरवून आवाज उतरवला की बंदच पडायची. पोरगा म्हणाला, "आता भंगारात देऊ." तवापासून मालक धड जेवले न्हाईत.

आज दौंडहून शेखमामा आमच्या न्हावऱ्याला आले, जुन्या गाड्यांचे मिस्त्री. बॉनेट उघडून अॅक्सिलरेटरची दांडी हलवली, तर ती पुरती मागं येईना.

"मावशी, हा काळा दोरा इथं कुणी बांधला?"

"मीच. गाडीला नजर लागू नये म्हणून."

"त्यानंच दांडी ओढून धरलीय."

मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "आन् मी आठ दिवस इंजिनाला शिव्या देतोय."

मामांनी दोरा कापला, नट फिरवून दांडीची लांबी बसवली, स्क्रू पुन्हा जागेवर आणला. मोटार एका लयीत चालू लागली. भंगाराचं नाव पोरानं काढलं न्हाई. दुपारी मालकांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, तवा माझाबी जीव भांड्यात पडला.

नवा दोरा आता मालकांच्या मनगटाला बांधलाय. तिथं काय अडकत न्हाई.

मी माझं कबूल केलं. काळजीपोटी तुम्ही घरात काय बिघडवून ठेवलंय, खरं सांगा.