मुकी होडी

नेरूळच्या हॉस्पिटलात बाबांची अँजिओप्लास्टी चालली होती आणि बाहेर मी, त्यांचा कर्ता मुलगा, लॅपटॉपवर होडीचा एक गेम सुरू करायला धडपडत होतो. गेम रीतसर विकत घेतला होता, पण माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि त्यावर बरेच गेम सरळ चालतच नाहीत. ती सर्वांना खुली सिस्टिम वापरतो म्हणून मी चारचौघांत मिरवायचो आणि घरी सेटिंगं बदलून चालणारे गेमही बंद पाडायचो.

शेजारी जवळच्याच सारसोळे गावची एक कोळीण बसली होती. तिचा नवराही आत होता. पदराने चष्मा पुसून ती पुन्हापुन्हा माझ्या पडद्यात डोकावायची.

"झाला का चालू?"

"होतोय मावशी. थोडं सेटिंग राहिलंय."

"मंग खेलतंस कवा?"

मी आणखी एक सेटिंग बदललं. अखेर होडी दिसली, पण आवाज येईना. मी पुन्हा सेटिंग उघडणार, तोच तिने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. चालतेय ना? चालू दे."

आम्ही दोघं होडीकडे बघत राहिलो. नर्सने हसत तिला आत बोलावलं, तेव्हा जाताजाता ती म्हणाली, "खडकावर नको घालू हां."

बाबा सुखरूप बाहेर येईपर्यंत मी सेटिंगला हात लावला नाही. नुसता खेळलो.