जर्मनीच्या गावसभेत मी बोललेलं खोटं

बायांनो, राळेगावच्या स्टँडवर तुम्ही मले पोचवायले आल्या, तेव्हा ताराबाई एस्टीच्या खिडकीपाशी येऊन ओरडली होती, "सरपंचबाई, तिकडंही खुर्ची पटकावजा बरं!" सगळ्या हसल्या. मीही हसली. मालक गेल्यावर घर बंद करून लेकीकडं निघाली होती, रडू येऊन राह्यलं होतं, ते त्या हसण्यात लपलं.

लेकीचं हे जर्मनीतलं गाव लहानसं आहे. दोन टेकड्यांच्या मधात बसलेलं, मधून नाला, वर जंगल, खाली गहू आणि बीट. चर्चजवळच्या पाटीवर गावाचा सारा इतिहास लिहिला आहे. गाव कधी जळालं, पुन्हा कोणी वसवलं, नाल्याचा पूर कुठवर चढला. लेकीनं वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, आपल्या गावाचं असं मले काय ठाऊक? आणि पाच वर्षं सरपंच होती म्हणे मी.

इथली सरपंचही बाईच. दिवसा दवाखान्यात नर्स, सरपंचपण वरचं काम. मोठे कागद आसपासच्या गावांच्या मिळून एका कचेरीत होतात, पण गावाचं गावात ठरते. आग विझवणाऱ्यांच्या हॉलमध्ये सभा भरते. मागच्या खुर्च्यांवर कोणीही बसावं, वेळ आली की हात वर करून विचारावं. मी गेली त्या दिवशी नाल्यावरच्या नव्या पुलावरून चांगलीच जुंपली; लेक कानात सारं सांगत होती. एका म्हाताऱ्यानं सरपंचबाईले तोंडावर विचारलं, "पूल तुमच्याच घराजवळ काहून?" तिनं शांतपणे नकाशा उघडला. तिचा नवरा माझ्या शेजारी, मागे बसला होता. एक शब्द बोलला नाही.

सभा सुटल्यावर लेकीनं मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं, माझी आई सरपंच होती. इथली सरपंच लगबगीनं आली. म्हणे, तुम्ही काय काय केलं?

मी म्हटलं, "पोडावर हापसा बसवला." लेकीनं त्यांच्या भाषेत समजावलं, की गावाबाहेरच्या कोलाम वस्तीले आईनं पाणी दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्हाले तर सारं माहीत आहे. खुर्चीत आमचे मालक बसत, मी आत चहा ठेवी. दाखवतील तिथं सही. पोडावरची झिंगुबाई भर उन्हात अर्ज घेऊन आलती. "बाई, सरपंच तू हायेस ना? नाल्यात झिरे उकरून पाणी भरून राह्यलो आम्ही." मी पदर पुढं ओढला आणि मालकांकडं पाहून म्हटलं, "यायले विचार." ते म्हणाले, "पाहू." बस, तेवढंच. मी गाव सोडलं तोवर तिथं हापसा नव्हता.

घरी येताना लेक म्हणाली, "आई, एवढं मोठं काम केलं, मले कधी सांगितलंच नाही!" तिचा तो आनंद मले सोसवला नाही. दोन दिवस गेले. मग खरं सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मले कायले सांगतेस? ज्यायले सांगायचं त्यायले सांग."

म्हणून हे लिहून राह्यली आहे. झिंगुबाईले वाचून दाखवा. तिचा अर्ज ग्रामसभेत पुन्हा ठेवा आणि पहिला माझ्या घरात अडकला होता, असं माझ्या नावानिशी सांगा.

इथं माझ्या खोट्याले टाळ्या मिळाल्या. आपल्या गावात लेकरंही हसली असती. आता घर म्हटलं की मले अंगण आठवत नाही, तुळस आठवत नाही. जिथं झिंगुबाई समोर आली तर मान खाली जाईल, तेच माझं घर.